रेवस ते रेडी : सागरी मार्ग आणि मार्गावरील गावे

(किनारपट्टीवरील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व विस्तार अधिकारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज ज्या रस्त्याविषयी मी बोलणार आहे, तो आपल्यापैकी अनेकांच्या दारावरून जातो. रायगड जिल्ह्यातील रेवस येथून निघून सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या टोकाशी, गोव्याच्या सीमेलगत असलेल्या रेडीपर्यंत पोहोचणारा हा सागरी मार्ग होय. महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबी परंपरेने ७२० किलोमीटर सांगितली जाते. त्या किनाऱ्याचा मोठा आणि सर्वांत रमणीय भाग या मार्गावर आहे. बॅरिस्टर अ. र. अंतुले हे १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री असताना या मार्गाच्या कल्पनेला चालना मिळाली. तेव्हापासून रस्त्याचे तुकडे जोडले गेले, लहान खाड्यांवर पूल झाले. मोठ्या खाड्या मात्र दीर्घकाळ तशाच राहिल्या, आणि आजच्या विषयाचा गाभा त्या खाड्यांपाशीच आहे.

खाडी ही रस्त्याच्या दृष्टीने अडचण असली, तरी इतिहासाच्या दृष्टीने ती जननी आहे. सह्याद्रीतून उतरणारी प्रत्येक नदी समुद्राला मिळताना खाडी करते. खाडीत गलबताला वादळापासून आसरा मिळतो, म्हणून तेथे बंदर होते. बंदरातून घाटावर माल जातो, म्हणून तेथे जकात आणि वखार येते. वखारीचे रक्षण करावयाचे म्हणून मुखाशी किल्ला उभा राहतो. रेवदंडा, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, जैतापूर, विजयदुर्ग ही नावे एकामागून एक घेतली, तर हाच क्रम पुनःपुन्हा आढळेल. किनाऱ्याचा इतिहास समजण्यास याहून सोपी किल्ली नाही, आणि ती चौथीच्या विद्यार्थ्यालाही देता येईल.

पूर्वी या किनाऱ्याचा हमरस्ता समुद्र हाच होता. मुंबईचा चाकरमानी बोटीने गावी येई. त्या प्रवासाची किंमत किती मोठी असू शके, हे १७ जुलै १९४७ या दिवसाने दाखविले. मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट त्या दिवशी वादळात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. रेवसला उभे राहून जो प्रवासाला आरंभ करतो, त्याला ही आठवण कोणीतरी सांगितली पाहिजे. रस्ता झाला म्हणजे काय झाले, हे त्याशिवाय कळत नाही.

रेवस ते राजपुरी

रेवसहून दक्षिणेस निघाले की थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे दिसतात. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरीवर किल्ला बांधावयास घेतला, तेव्हा मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांनीही विरोध केला. मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचे ठाणे त्यांना परवडणारे नव्हते. तरीही किल्ला झाला. याच वाटेवरील नवगाव येथे, बेने इस्रायली समाजाच्या परंपरेप्रमाणे, त्यांचे पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले. तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावोगावी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मराठी बोलणारा हा समाज पुढे बहुतांशी इस्रायलमध्ये स्थायिक झाला, तरी त्याची मूळ आडनावे आपल्याच गावांच्या नावांवरून पडलेली आहेत.

अलिबाग येथे कुलाब्याचा किल्ला आहे. ओहोटीला पायी आणि भरतीला होडीने जावे, असे हे स्थान. सरखेल कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये निवर्तले. त्यांची समाधी अलिबागेत आहे. त्याच गावातील चुंबकीय वेधशाळा मात्र फार थोडे प्रवासी जाणतात. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतील सूक्ष्म नोंदी बिघडतील हे शास्त्रज्ञांनी ओळखले, आणि १९०४ पासून हे काम अलिबागेस आले. पृथ्वीच्या चुंबकत्वाची शतकाहून अधिक काळची नोंद आपल्या एका किनारी गावात आहे, ही शाळेने सहल काढावी अशी गोष्ट आहे.

अलिबागेच्या पुढे आक्षी लागते. येथील शिलालेख मराठीतील सर्वांत जुन्या ज्ञात लेखांपैकी एक मानला जातो. शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, हा त्याचा काळ सामान्यतः सांगितला जातो. हा दगड दीर्घकाळ रस्त्याच्या कडेला उघड्यावर उभा होता आणि समुद्रस्नानाला निघालेल्या गाड्या त्याच्यावरून पुढे जात होत्या. मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जाचा पुरावा ज्या दगडांवर आहे, ते गावाच्या ताब्यात असतात हे आपण ध्यानी घ्यावे.

चौल हे तर प्राचीन ग्रीक लेखकांना माहीत असलेले बंदर. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल् मसूदी येथे आला, पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफनासी निकितीन येथे उतरला. शेजारच्या रेवदंड्यात पोर्तुगीजांचा कोट आहे, आणि खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले, पण कोर्लई गावातील ख्रिस्ती कुटुंबांच्या घरात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली बोली आजही ऐकू येते. तट पडतात, बोली मात्र आई आणि लेकरू यांच्या आधाराने तीनशे वर्षे टिकते.

पुढे मुरूड आणि राजपुरी. येथील जंजिरा कोणालाही युद्धात जिंकता आला नाही. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचे हे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. जवळच कांसा बेटावर शिवाजी महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग आहे. पाहुण्याला एकच किल्ला दाखवून परत पाठविणे म्हणजे लढाईतील एकच पक्ष दाखविणे होय.

दिघी ते दाभोळ

राजपुरीची खाडी ओलांडली की दिवेआगर, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर. श्रीवर्धन हे पेशवे बाळाजी विश्वनाथ भट यांचे गाव. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच पट्ट्यात जमिनीवर आले. नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. पोफळीचे रोप लावल्यापासून उत्पन्न हाती येईपर्यंत अनेक वर्षे जातात. तोवर कुटुंबाने खावे काय, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला. ज्या घरांनी एखाद-दुसरी खोली पाहुण्यांसाठी राखली होती, त्यांना पुढे तेवढा तरी आधार होता. पर्यटन ही शेतीची सवत न होता बहीण झाली पाहिजे, असे मी म्हणतो ते यामुळे.

बाणकोट खाडीच्या पलीकडे वेळास आहे. हे नाना फडणवीसांच्या घराण्याचे गाव. कासवांची अंडी चोरीला जाणे एके काळी येथे नित्याचे होते. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरट्यांचे संरक्षण सुरू केले. पुढे कासवांची पिले समुद्रात जाताना पाहण्यासाठी लोक वेळासला येऊ लागले, गावातील घराघरांत उतरू लागले. मोठे हॉटेल नाही, भांडवल नाही. गावाने एक जीव जपला आणि त्या जिवाने गावाला पाहुणे दिले. ग्रामपंचायतींनी अभ्यासावा असा हा धडा आहे.

हर्णैच्या समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे. इंग्रज आणि पेशवे यांनी मिळून तो १७५५ मध्ये तुळाजी आंग्रे यांच्याकडून घेतला, आणि पुढच्याच वर्षी विजयदुर्गापाशी आंग्र्यांचे आरमार जळाले. घरच्या भांडणात परक्याची मदत घेतली आणि समुद्रावरील मराठी सत्ता कायमची खचली. हर्णैच्या वाळूत संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो, तेथून हा किल्ला समोर दिसतो. लिलाव पाहावयास आलेल्यांपैकी कितीजणांना ही हकीकत ठाऊक असते?

दाभोळ एके काळी आदिलशाहीचे मोठे बंदर होते. खाडीकाठची शाही मशीद त्या वैभवाची साक्ष देते. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने गाडीसकट जाता येऊ लागल्यावर गुहागरचा फेरा कितीतरी कमी झाला. दिघी-आगरदांडा, वेश्वी-बागमांडले आणि तवसाळ-जयगड येथेही तशी सोय झाली आणि पुलांवाचून तुटलेला मार्ग या बोटींनी सांधला.

जयगड ते रेडी

जयगडहून पुढे मालगुंड हे कवी केशवसुतांचे जन्मगाव, आणि मग गणपतीपुळे. रत्नागिरीत लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी येथेच ठेवले आणि येथेच १९१६ मध्ये त्याचा अंत झाला. १९३१ मध्ये उभे राहिलेले पतितपावन मंदिरही येथलेच. एका शहरात इतकी स्थळे आहेत की त्यांवर अधिक न बोलता मी शहराबाहेरच्या सड्यांकडे वळतो.

जांभ्याच्या या उघड्या सड्यांवर प्राचीन माणसाने कोरलेली कातळशिल्पे आहेत. कशेळीच्या सड्यावरील हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद असून त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृती आहेत. उक्षी, जांभरूण, बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे, रुंढे तळी आणि सिंधुदुर्गातील कुडोपी येथील शिल्पे २०२२ पासून ‘युनेस्को’च्या संभाव्य वारसा यादीत आहेत. गुराख्यांना ही चित्रे पिढ्यानपिढ्या ठाऊक होती, जगाला ती अलीकडे कळली. येथे धोका काळाचा नाही, चिरेखाणीचा आहे. हजारो वर्षे ऊन-पाऊस सोसलेले चित्र यंत्राच्या पात्याखाली एका दिवसात चिऱ्यांमध्ये वाटले जाते. खाणीच्या ना-हरकत पत्रावर सही करणाऱ्या हाताने आधी सड्यावर जाऊन पाहावे, एवढीच विनंती.

विजयदुर्गाविषयी एक गोष्ट शिक्षकांनी मुद्दाम ऐकावी. किल्ल्यात काही ओटे आहेत. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर यांनी या ओट्यांवरून हेलियम वायूचा शोध लावला, अशी कथा सांगितली जाते. वस्तुस्थिती अशी की १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाचे वेध फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी आंध्रातील गुंटूर येथून घेतले. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, तेथूनच सूर्याच्या कडेचा वर्णपट तपासला आणि त्यातील पिवळ्या रेषेवरून नव्या मूलद्रव्याचा तर्क केला. लॉकियर विजयदुर्गावर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. हेलियमला नाव देणारा शास्त्रज्ञ तीस वर्षांनी आपली उपकरणे घेऊन कोकणातील एका किल्ल्यात तळ ठोकतो, ही सत्य घटना काय कमी मोलाची आहे? चुकीची कथा ऐकून गेलेला पाहुणा उद्या पुस्तक उघडतो, आणि मग आपल्या खऱ्या गोष्टींवरचाही त्याचा विश्वास उडतो.

मालवणच्या सिंधुदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झाली. चहूकडे खारे पाणी असताना दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या तीन विहिरींत गोडे पाणी आहे. वेंगुर्ल्यास डचांची वखार होती. शिरोड्यास १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, आणि त्याच गावातील शाळेत वि. स. खांडेकर यांनी १९२० पासून अठरा वर्षे शिक्षक म्हणून काम केले. शिरोड्याच्या पुढे रेडी आणि यशवंतगड. तेथे आपला मार्ग संपतो.

पुलांनंतर काय?

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. त्यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार या मार्गावर आहेत. दुसरीकडे, मोठ्या खाड्यांवरील पुलांची कामे हाती घेण्यात आली आहेत. हे पूल व्हावेत. आजारी माणसाला आणि शाळेच्या मुलाला त्यांची गरज प्रवाशाहून अधिक आहे.

तथापि एक गोष्ट आजच ओळखली पाहिजे. फेरीबोटीसाठी गाड्या धक्क्यावर थांबतात, तेव्हा प्रवासी उतरतो, चहा घेतो, कोकम विकत घेतो, समोरचा किल्ला कोणता असे विचारतो. खाडी त्याला थांबवते. पूल झाल्यावर त्याला कोणी थांबविणार नाही. ज्या गावाजवळ सांगण्यासारखे व दाखविण्यासारखे काही सिद्ध असेल तेथे तो आपण होऊन थांबेल. एरवी खिडकीतून पाहून पुढे जाईल, आणि गावाच्या वाट्याला धूळ व कचरा तेवढा उरेल. पुलाचे काम चालू आहे तोपर्यंतची वर्षे ही आपल्या तयारीची वर्षे आहेत.

या तयारीसाठी पैशाहून माणसांचे लक्ष अधिक लागते. माझ्या मते पाच कामे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आवाक्यात आहेत.

पहिले, गावाची वारसा नोंदवही. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांना बरोबर घेऊन जुन्या विहिरी, देवळे, मशिदी, चर्च, वीरगळ, तोफा, समाध्या यांची जागेसह नोंद करावी. कोळी, गाबीत, दालदी आणि भंडारी वस्तीतील वृद्धांकडून वाऱ्यांची, होड्यांची व खडकांची नावे लिहून घ्यावीत. ही नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. ती माणसांबरोबर जातात.

दुसरे, खरा फलक. गावात लावावयाचा मजकूर शाळेने तपासावा. नक्की ठाऊक असेल तेच लिहावे, दंतकथा असेल तर ती दंतकथा म्हणून सांगावी.

तिसरे, कायद्याची जाण. केंद्राच्या १९५८ च्या कायद्याखालील संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी लागते, अशी तरतूद २०१० मध्ये झाली. राज्याचा स्वतंत्र कायदा १९६० चा आहे. परंतु बहुसंख्य वास्तू कोणत्याच यादीत नाहीत. त्यांना गावाखेरीज वाली नाही.

चौथे, समुद्राची सुरक्षितता. दरवर्षी पाहुणे बुडतात, ते बहुधा भरतीची वेळ न कळल्यामुळे. आपल्या वडीलधाऱ्यांचा हिशेब सोपा होता : तिथीची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब स्थूल आहे. अधिकृत वेळापत्रकावरून रोजची वेळ किनाऱ्याच्या वाटेवर फळ्यावर लिहिणे हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे. वाळूत मोटारी नेण्यास मात्र बंदीच असावी. गाडी रुतते आणि कासवाची घरटी चिरडतात.

पाचवे, पाणी, कचरा आणि निवास. मे महिन्यात गावाच्या विहिरी तळाला जातात आणि नेमके तेव्हाच पाहुणे येतात. किती खोल्यांना पाणी पुरेल याचा अंदाज घेऊनच नव्या निवासांना उत्तेजन द्यावे. घरगुती निवास व न्याहारीची सोय, महिला बचत गटांचे घावणे, सोलकढी आणि मोदक यांनी जो पैसा येतो तो गावात राहतो. कचऱ्याची तरतूद ग्रामपंचायत विकास आराखड्यात आधी करावी आणि स्वागत कमान नंतर.

यांतील कोणत्याही कामासाठी वरच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या ग्रामसभेपुढे नोंदवहीचा ठराव मांडावा, शाळेने एक सत्र या कामाला द्यावे, आणि विस्तार अधिकाऱ्यांनी भेटीच्या वेळी रस्ता व गटार यांच्याबरोबर ती वहीही पाहावयास मागावी. पुढे पुलावरून पहिली गाडी येईल, तेव्हा गावच्या नाक्यावरील एखाद्या मुलाने प्रवाशाला समोरच्या तटाची हकीकत तारखेनिशी सांगावी, एवढी तयारी आपल्या हातची आहे. ती आपण कराल, असा विश्वास व्यक्त करून मी आपली रजा घेतो.